खाली काय आहे ते वरच्याला सांग

नेरूळ, रविवार रात्र

प्रिय पोरी,

तू गेलीस आणि चहा तसाच राहिला. काकूने कप उचलताना विचारलं, "एवढं काय झालंय तिला?" मी म्हटलं, दोन नकाशे जुळत नाहीयेत. ती म्हणाली, "मग जुळवून द्या ना." म्हणून लिहायला बसलोय.

एक नकाशा जुना, फुटांतला, कडा झिजलेला. दुसरा उपग्रहाचा, हिरवागार. जुन्यातल्या गॅलऱ्या, म्हणजे कोळशात खणलेले बोगदे, नव्या नकाशावर ठेवल्या की कधी नाल्यात जातात, कधी गावात. आणि शुक्रवारपर्यंत त्या बंद भूमिगत कोळसा खाणीच्या अंतिम क्लोजर प्लॅनमध्ये, म्हणजे खाण बंद करण्याच्या आराखड्यात, तुझ्या बेलापूरच्या ऑफिसला एक वाक्य हवंय : "पृष्ठभाग स्थिर असून वृक्षारोपणास योग्य आहे." सर्व्हेच्या परिशिष्टावर सही तुझी. तू विचारलंस, "काका, सही करू की नोकरी सोडू?"

दोन्ही करू नकोस. नोकरी सोडलीस तर तेच वाक्य तुझ्या जागी येणारा लिहील, आणि नकाशे जुळत नाहीत हे त्याच्या लक्षातही येणार नाही. तुझ्या लक्षात आलंय. आता तुला सुटका नाही.

मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे. ती या पत्रात पुन्हा पुन्हा येईल आणि तू कंटाळशील, तरी वाच. खाली काय आहे ते वरच्याला सांग. जमीन परत देणं म्हणजे तेवढंच. ते सांगितलं नाहीस तर वर कितीही झाडं लाव, कुंपण घाल, बाकं टाक, जमीन तू परत दिलेली नाहीस.

जमीन बसणं म्हणजे काय हे तुला शिकवायला नको. आपल्या सोसायटीतच बघ. इमारत पाइलवर आहे, पाय खडकापर्यंत गेलेत, ती जागची हलत नाही. भोवतीचा भराव मात्र बसत जातो. मी इथे राहायला आलो तेव्हा लॉबीत शिरायला दोन पायऱ्या होत्या, आता चार आहेत. पेव्हर ब्लॉक दर काही वर्षांनी उचलून खाली खडी घालतात. कुणी घाबरत नाही. का? कारण खाली खाडीचा चिखल आहे हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून पाइल घातले. चंद्रपूरकडच्या ज्या गावाचा प्लॅन तू करते आहेस, तिथे घरकुलाचा पाया खणणाऱ्या माणसाला काय ठाऊक आहे? त्याच्या पायाखाली कुणी साठ वर्षांपूर्वी कोळसा काढून ठेवलेली पोकळी आहे, आणि ती कुठवर जाते हे सांगणारा कागद तुझ्या लॅपटॉपमध्ये आहे. त्याच्याकडे नाही.

शिवाय तू घणसोलीच्या गावठाणातली. सिडको १९७० साली आली, खाचरं गेली, मिठागरं गेली, आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळवण्यासाठी १९८४ साली जासईला माणसांना गोळ्या खाव्या लागल्या. तूच सांगितलं होतंस की आजोबांना शेवटपर्यंत आपल्या खाचराचा सर्व्हे नंबर पाठ होता. त्या माणसाची नात आहेस. दुसऱ्याच्या जमिनीबद्दल दुसऱ्याला न सांगता कागदावर काहीतरी लिहून मोकळं होणं तुला जमायचं नाही, आणि जमूही नये.

आता कामाचं बोलू.

ओपनकास्टची, म्हणजे उघड्या खाणीची, जखम दिसते. खड्डा दिसतो, मातीचे डोंगर दिसतात, आमदारालाही दिसतात. अंडरग्राउंडची, भुयारी खाणीची, जखम दिसत नाही. २००९ साली कोळसा मंत्रालयाने क्लोजरचे नियम काढले तेव्हा खाण बंद करण्याच्या खर्चासाठी कंपनीने ठेवायच्या ठेवीचा हिशेब ओपनकास्टला हेक्टरी सहा लाख आणि अंडरग्राउंडला हेक्टरी एक लाख असा होता. वरची जमीन फारशी मोडत नाही, म्हणून खर्च कमी. हिशेबाला ते ठीक असेल. पण त्यातून सगळ्यांच्या डोक्यात असं बसलं की अंडरग्राउंड बंद करणं म्हणजे इन्क्लाइनच्या (उतरत्या वाटेच्या) तोंडाला भिंत, शाफ्टवर (उभ्या विहिरीवर) काँक्रीटचं झाकण आणि दोन हजार रोपं. आणखी एक गोष्ट शहरातल्या लोकांना माहीत नसते. १९५७ च्या कोल बेअरिंग एरियाज कायद्याखाली कित्येक ठिकाणी सरकारने फक्त खालचा, कोळसा काढण्याचा हक्क घेतला. वरची शेती शेतकऱ्याचीच राहिली. तो खाणीच्या छतावर नांगरत होता आणि आजही नांगरतोय. त्याला तुम्ही जमीन "परत" काय देणार? त्याने ती सोडलीच नव्हती. त्याला फक्त खालची हकीकत द्यायची राहिली आहे.

पिलर, म्हणजे छत पेलायला सोडलेले कोळशाचे खांब, किती टिकतात, असं तू विचारलंस. उत्तर कुणीही छातीठोकपणे देऊ शकत नाही. डीपिलरिंग करून, म्हणजे ते खांब काढून घेऊन, छत पाडलं असेल तर जमीन बहुतेक तेव्हाच बसते, बशीसारखा खोलगट भाग तयार होतो, शेतकरी शिव्या देतो आणि पुढे बांध घालून जगतो. वाळू भरून स्टोइंग केलं असेल तर फारच कमी बसते. भीती अर्धवट कामाची. गॅलऱ्या हाणल्या, पिलर थोडे तासले आणि सोडून दिलं, अशा जागेची. छताचा एकेक थर गळतो आणि पोकळी वर सरकत जाते. फुटलेला दगड मूळ दगडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून वर दगडाचा थर जाड असेल तर पोकळी मध्येच स्वतःच्या मलब्याने बुजते. वर वीस-पंचवीस मीटरच असतील, त्यातही अर्धी काळी माती आणि मुरूम, तर ती बुजायच्या आत वर पोचते. एका रात्रीत भगदाड. पन्नास वर्षांनीसुद्धा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसला राहतं घर असंच जमिनीत गेलं. घरातली माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली.

म्हणून नकाशा. आधी नकाशा, मग बाकी सगळं.

जुना नकाशा जुळत नाही याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. त्यावरचा उत्तरेचा बाण होकायंत्राचा असेल, खरा नव्हे. आणि चुंबकीय उत्तर इतक्या वर्षांत सरकलेली असते. कापडावरचं ट्रेसिंग आखडतं, तेही एका बाजूने जास्त. तेव्हा आधी जाळीचे चौकोन मोजून स्केल तपास. मग जमिनीवर आजही सापडतील असे दोन पक्के बिंदू शोध. एक शाफ्टचं तोंड, दुसरं रेल्वे साइडिंगची मोरी किंवा देऊळ. एका बिंदूवर जुळवलेला नकाशा दिसतो बरोबर आणि फिरलेला असतो. हे तुझ्या कॉम्प्युटरला कळत नाही. ते तू सांगशील तिथे मुकाट्याने चिकटवतं.

त्यानंतर शेवटच्या सर्व्हेची तारीख बघ. कोपऱ्यात बारीक अक्षरात असते. त्या तारखेनंतर खाण किती महिने चालली? त्या महिन्यांत काढलेला कोळसा नकाशात कुठे आहे?

आणि हे कर, हे कॉलेजात कुणी शिकवलं नसेल. नकाशावरच्या सगळ्या गॅलऱ्यांचं घनफळ काढ. कोळशाचा एक घनमीटर साधारण १.४ टन. नकाशा एक लाख घनमीटर पोकळी दाखवत असेल तर खाणीतून एक लाख चाळीस हजार टन निघायला हवेत. आता उत्पादनाचं रजिस्टर काढ, नाहीतर रेल्वेच्या डिस्पॅचचे आकडे. तिथे एक लाख सत्तर हजार दिसले तर वरचे तीस हजार टन आले कुठून? चार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच गॅलरी धरलीस तर ती दोन किलोमीटरहून लांब गॅलरी आहे, जी कुणी नकाशात काढलेली नाही. ती कुणाच्या तरी शेताखाली आहे. शाळेखालीही असेल.

तू म्हणालीस, १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाआधीचे मालक गेले, कागद गेले. कागद गेले, माणसं गेली नाहीत. गावात ऐंशी वर्षांचा एखादा ट्रॅमर, खाली कोळशाच्या गाड्या ढकलणारा, असतोच. त्याच्या ओट्यावर बस, चहा घे, आणि विचार की शेवटच्या वर्षी कुठल्या डिपमध्ये, उताराच्या बोगद्यात, काम होतं, पाणी कुठून यायचं, वरून बैलगाडी गेली की आवाज कुठे ऐकू यायचा. हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस. तुला तरी ते खाली उतरून बघता येईल. २०१९ पर्यंत बाईमाणसाला कोळशाच्या भूमिगत खाणीत नेमायची कायद्यात परवानगी नव्हती. ते दार उघडलंय तर ऑफिसात बसून वाक्यं लिहू नकोस.

आता माझं सांगतो. इतकी वर्षं ओळख असून हे तुला सांगितलं नव्हतं.

१९८८ साल. खाणीचं नाव नको. मी सर्व्हेअर. नाल्याकडचा भाग बंद करायचा होता, वर चोवीस मीटर कव्हर, म्हणजे छतावरची दगडमाती. शेवटचे चार महिने टार्गेटसाठी पिलर तासले आणि हद्दीच्या पुढे तीन गॅलऱ्या हाणल्या. वाळू नव्हती, स्टोइंग नाही. मी खाली जाऊन मोजलं. माझ्या फिल्डबुकात त्याची अकरा पानं आहेत, अंतरं, ऑफसेट, सगळं. वर आलो तेव्हा सांगण्यात आलं की तिकडे आता पाणी भरतंय, पुन्हा कुणी जाणार नाही, मागच्या सर्व्हेची तारीख टाकून प्लॅन पुरा कर. मी पुरा केला. तीन गॅलऱ्या काढल्या नाहीत.

आठ वर्षांनी, पोळ्याच्या आधी, त्याच नाल्याकाठी नांगरताना जमीन गेली. एक बैल आत. दुसरा जूवर लटकला, त्याला लोकांनी दोर कापून ओढला. मी टेप घेऊन पोचलो तेव्हा तो शेतकरी काठावर बसून होता. त्याने विचारलं, "साहेब, खाली काय हाय जी?"

मी म्हटलं, "पावसाचं पाणी मुरलं असेल."

ते वाक्य मी जन्मभर ऐकतोय. तुझ्या ऑफिसचं वाक्य काल वाचलं तेव्हा मला तेच ऐकू आलं, म्हणून तुझ्याशी धड बोललो नाही.

मी काय करू शकत होतो? क्वार्टर कंपनीचं, आई अंथरुणावर, मुलगी चौथीत. बदली झाली असती, कुठे कोण जाणे. आणि नकाशात त्या गॅलऱ्या काढल्या असत्या तरी तो नकाशा जाणार होता ऑफिसच्या कपाटात आणि धनबादला, खाण सुरक्षेच्या सरकारी कार्यालयात. शेतकऱ्याच्या हातात कधीच पडला नसता. हे मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगितलं, आणि त्यात खोटं काही नाही. पण त्याने मला तोंडावर विचारलं होतं. तेव्हा मध्ये ना कपाट होतं ना धनबाद. मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही.

त्याच्या आधी आणि नंतर माणसं मेलीच आहेत अशाने. मी नोकरीला लागायच्या आदल्या वर्षी, २७ डिसेंबर १९७५ ला, धनबादजवळच्या चासनाळ्याच्या खाणीत जुन्या बंद कामातलं पाणी फुटून आलं आणि ३७५ माणसं गेली. ट्रेनिंगमध्ये ते आम्हाला पाण्याचा धडा म्हणून शिकवलं. मी तो नकाशाचा धडा म्हणून वाचतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या क्वीक्रीक खाणीत २००२ च्या जुलैमध्ये नऊ जण असेच अडकले. शेजारची जुनी खाण नकाशात होती त्याहून पुढे आलेली होती. पाणी आत घुसलं. सत्त्याहत्तर तासांनी नऊच्या नऊ वर आले. त्या जुन्या खाणीचा शेवटचा नकाशा नंतर सापडला, एका संग्रहालयात. होता, पण ज्याला हवा त्याच्यापाशी नव्हता. इंग्लंडमध्ये १८७२ च्या कायद्याने बंद खाणीचा नकाशा सरकारात जमा करणं सक्तीचं झालं. आज तिथे कोळसापट्ट्यात घर घेणारा माणूस खालच्या कामाचा रिपोर्ट मागवतो आणि मग पैसे देतो. हे आपल्याकडे का होऊ नये? सातबाऱ्यावर विहीर लिहितात, झाडं लिहितात, बोजा लिहितात. खालची पोकळी का लिहू नये?

निवृत्त झाल्यावर मी फिल्डबुकं घरी आणली. त्यांतून तीन गावांचे साधे नकाशे काढले, सर्व्हे नंबर टाकून, मराठीत, आणि ग्रामपंचायतींना पाठवले. उत्तर नाही. पुन्हा पाठवले. चौथ्यांदा स्वतः घेऊन गेलो. एका सरपंचबाईंनी तो कागद भिंतीला लावला आणि अंगणवाडीची जागा बदलली. दुसऱ्या गावात मला सांगितलं, जमिनीचे भाव पाडू नका. तिसऱ्यात कुणी भेटलंच नाही. मी अजून पाठवतो, दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी. मुलगी म्हणते बाबा पुरे. पुरे नाही.

त्या शेतकऱ्याकडेही गेलो. तो वारला होता. मुलगा शेत करतो, भगदाडाभोवती बाभळी उगवल्यात, त्यांना वळसा घालून नांगरतो. मी फिल्डबुक उघडून अकरा पानं त्याला दाखवली. त्याने ती नीट बघितली. मग म्हणाला, "बाबा मरेपर्यंत म्हणत होते, साहेबाले माहीत होतं."

तर तुझा साहेब काय म्हणेल, शुक्रवारचं काय, हे प्रश्न मला विचारू नकोस. समजतात, पण माझ्याच्याने आता ऐकवत नाहीत. ते वाक्य खोड आणि त्या जागी खरं लिही. नकाशा अमुक तारखेपर्यंतचा आहे. उत्पादन आणि नकाशा यांत इतक्या टनांचा फरक आहे. तीस मीटरपेक्षा कमी कव्हर असलेले सर्व्हे नंबर हे. इथे बोअर मारून खात्री होईपर्यंत बांधकाम नको, विहीर नको, ट्रॅक्टर जपून. ज्वारी, गवत, चराई चालेल. ही पानं मराठीत करून ग्रामपंचायतीत वाचून दाखवली, अमुक दिवशी. यावर सही कर. ठळक कर. साहेब काढून टाकेल म्हणतेस? मग त्याने काढलं हे त्याच्या सहीने काढू दे, तुझ्या नव्हे.

झाडांचा मला राग नाही. तू तसं म्हणालीस, मला लागलं. करंज लाव, कडुनिंब लाव, बांबू लाव. पण शेवटी लाव. आधी भेगा भर, चिकणमातीने, ठोकून, पावसाच्या आत. भेगेतून पाणी खाली जातं तशी हवाही जाते, आणि गोफमध्ये, छत पाडलेल्या पोकळीत, राहिलेला कोळसा हवेवर तापतो. झारखंडच्या झरियात कोळशाच्या थरांत १९१६ पासून आग आहे, ती काही कुणी काडी लावून राहिलेली नाही. मग पाणी बघ. खाण चालू असताना गावच्या विहिरी आटतात. पंप बंद झाला की पाणी हळूहळू चढतं, त्याला वर्षं लागतात, आणि कोळशात पायराइट, लोखंड-गंधकाचं खनिज, असेल तर सर्वांत खालच्या तोंडातून गंजासारखं तांबूस पाणी वाहू लागतं. ते नाल्यात जाणार, नाल्यावर गुरं. चढणारं पाणी पिलरही भिजवतं आणि आतला वायू वर ढकलतं. जर्मनीत रूरची शेवटची खाण २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली, तरी तिथले पंप चालूच आहेत आणि कायम चालणार आहेत. त्यासाठी वेगळं प्रतिष्ठान काढून पैसे लावून ठेवलेत. आपण तीन वर्षं देखरेख लिहितो आणि चौथ्या वर्षी चौकीदार काढतो. गावातल्या बाईला विचारलंस तर ती झाडं मागणार नाही, विहिरीला पाणी परत येईल का ते विचारेल. तिला खरं उत्तर दे. येईल, पण तपासल्याशिवाय पिऊ नका. खाली काय आहे ते वरच्याला सांग म्हणजे हेच.

एकटीने जाऊ नकोस. शनिवारी ठाण्याहून विदर्भ एक्स्प्रेस धरू, मी येतो. काकूला विचारलं, ती नाही म्हणाली, मग माझ्या गुडघ्याचा पट्टा शोधायला लागली. तुझ्या शुक्रवारचं मी तुझ्या साहेबांशी फोनवर बोलेन, वाटलं तर; पंधरा दिवसांची मुदत मागायला लाज नाही. माझी लोखंडी पेटी पलंगाखाली आहे. फिल्डबुकं सगळी त्यात आहेत. तुझ्या खाणीची नाहीत, पण शेजारच्या खाणीची आहेत, आणि दोघींची हद्द एकच. मधला बॅरियर, दोन खाणींमध्ये सोडलेली कोळशाची भिंत, नकाशात दाखवलाय तेवढा जाड राहिलाय का, ते माझ्या आकड्यांवरून तपासता येईल. बुधवारी संध्याकाळी ये, पेटी एकट्याने ओढवत नाही. येताना ट्रेसिंग पेपरचा रोल आण, माझ्याकडचा संपलाय.

तुझा,
काका